श्वान नियंत्रण विभागाचा कार्यभार: एका नव्या अधिकाऱ्याच्या प्रश्नास उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ड’ वर्ग महानगरपालिकेत पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होऊन आपल्याला दोन महिने झाले आहेत. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण, पाळीव कुत्र्यांचे परवाने आणि शहरालगतच्या श्वान प्रजनन केंद्रांची तपासणी अशी तिन्ही कामे आपल्याच टेबलावर आली आहेत. हाताशी माणसे सहा आणि गाडी एक, तर आयुक्तांना महिन्याभरात डोळ्यांना दिसेल असे काम हवे आहे. अशात एका प्रजनन केंद्राविरुद्ध तक्रार आली असून तेथे छापा घालूनच सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर नकारार्थी आहे, निदान आजच्या घडीला तरी. त्या केंद्रात जी कुत्री असतील ती त्या रात्री कोठे झोपतील, त्यांना कोण खाऊ घालेल आणि त्यातील आजारी कुत्री निरोगी कुत्र्यांपासून कशी वेगळी ठेवली जातील, हे आपल्याला एका कागदावर लिहून दाखवता येत नाही तोवर छाप्याचा विचार बाजूला ठेवावा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. महानगरपालिकेच्या सेवेत सव्वीस वर्षे काढली आणि त्यातील शेवटची नऊ वर्षे हा विभाग सांभाळला. विभाग हाती आल्यावर पहिल्याच वर्षी मी आपल्यासारखाच उत्साहाने एका पत्र्याच्या शेडवर पोहोचलो आणि एकतीस कुत्री ताब्यात घेतली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. कुत्री मात्र ठेवली कोठे, तर जनावरांच्या कोंडवाड्यात, कारण दुसरी जागाच नव्हती. पाचव्या दिवशी एका पिल्लाला रक्ताची हगवण लागली. पार्व्हो होता, म्हणजे पिल्लांमध्ये झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्या आठवड्यात सात पिल्ले गेली. पुढे न्यायालयात केंद्रचालकाच्या वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला: “साहेब, ही कुत्री माझ्या अशिलाकडे होती तेव्हा किती मेली होती?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

हा केवळ आपल्याकडच्या अपुऱ्या साधनांचा दोष आहे, असेही समजू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कृषी खात्याच्या अखत्यारीत श्वान कायद्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. तेथे वर्षभरात सव्वीस किंवा अधिक कुत्री ठेवणाऱ्यास केनेलचा परवाना घ्यावा लागतो आणि निरीक्षक वर्षातून किमान दोनदा तपासणीला जातात. एवढी यंत्रणा असूनही २००८ च्या उन्हाळ्यात तेथील बर्क्स परगण्यात निरीक्षकांनी काही कुत्र्यांची पशुवैद्यकीय तपासणी करून घेण्याचा आदेश दिल्यावर दोघा केंद्रचालकांनी तो खर्च टाळण्यासाठी मिळून ८० कुत्री गोळ्या घालून मारली. त्या वेळच्या कायद्यात मालकाने असे करणे गुन्हा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला. मोठ्या व्यापारी केंद्रांसाठी पिंजऱ्यांचे आकार वाढले, बारा आठवड्यांहून मोठ्या कुत्र्यांच्या पायाखाली तारेची जाळी ठेवण्यास मनाई झाली आणि अशा केंद्रात कुत्र्याला मरण देण्याचा अधिकार पशुवैद्यकापुरता राहिला. पशुवैद्यकीय तपासणीचा तो आदेश बरोबर होता, कायद्याला धरून होता, परंतु तो मिळाल्यावर केंद्रचालक त्या कुत्र्यांचे काय करील याचा विचार आदेशात नव्हता. मी आपल्याला पहिली नोटीस काढण्यापूर्वी जागा शोधण्यास सांगतो, ते या दोन्ही अनुभवांवरून.

आता अधिकार कोणाचे, हे पाहू. आपल्याकडे नेमका येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. प्रजनन केंद्रांसाठी केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार नोंदणी करणारा प्राधिकारी राज्य प्राणी कल्याण मंडळ आहे, महानगरपालिका नव्हे. नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आणि मुदत दोन वर्षे आहे. तपासणीला जायचे तर मंडळाने लेखी प्राधिकृत केलेले असावे लागते. म्हणून पहिले पत्र केंद्रचालकाला न लिहिता मंडळाला लिहावे, त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्यावी आणि आपल्या हद्दीतील कोणत्या केंद्रांची नोंदणी आहे, कोणाची मुदत संपली आहे व कोणाचा अर्ज प्रलंबित आहे, याची यादी मागवावी. यादी येण्यास वेळ लागेल. तोवर वर्तमानपत्रांतील आणि समाजमाध्यमांवरील पिल्लांच्या विक्रीच्या जाहिराती रोज एका वहीत उतरवत जावे. एकच मोबाइल क्रमांक लॅब्राडोर, पग आणि शिह त्झू अशा तीन जातींच्या पिल्लांखाली वर्षभर दिसत असेल, तर तो माणूस हौशी नाही, हे त्या वहीवरूनच स्पष्ट होते.

मूळ कायदा १९६० चा आहे आणि त्यातील दंडाची रक्कमही त्याच काळातील आहे. कलम ११ खाली प्राण्याला क्रूरतेने वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एका पिल्लाचे वीस-पंचवीस हजार घेणाऱ्या माणसाला पन्नास रुपयांचे भय वाटेल, अशी आशा कोणी धरू नये. शिवाय कलम ३१ पाहावे: प्राण्याला विद्रूप करणे किंवा निर्दयपणे ठार मारणे यांसारखे मोजके प्रकार सोडले, तर कलम ११ खालील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. लहान पिंजरा, दिवसभर साखळी, पाणी नसणे अशा तक्रारींवर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून तपास करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यातील अधिकारी आपल्याला परत पाठवतो तेव्हा तो दर वेळी टाळाटाळच करत असतो असे नाही, पुष्कळदा त्याचे म्हणणे कायद्याला धरून असते. आणि कलम ३६ तर भिंतीवर लिहून ठेवावे: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर पुढे तो दाखलच करता येत नाही. माझ्या कपाटात अशा मुदत उलटलेल्या फायलींची एक अख्खी फळी होती. त्यातल्या बहुतेक ‘अभिप्रायार्थ सादर’ या शेऱ्याखाली झोपी गेल्या होत्या.

मग आपल्या हाती उरते काय? दंड नव्हे, तर नोंदणी, आणि त्याहून अधिक म्हणजे खर्च. नोंदणी नसताना प्रजनन आणि विक्री करणे हेच नियमांचे उल्लंघन आहे व ते सिद्ध करणे क्रूरता सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. ताब्यात घेतलेल्या प्राण्यांच्या देखभालीसाठीही २०१७ मध्येच वेगळे नियम आले. खटला चालू असेपर्यंत दंडाधिकारी प्राणी पांजरपोळात, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्याचा आदेश देऊ शकतात आणि त्या काळातील खाण्यापिण्याचा व औषधोपचाराचा खर्च आरोपीकडून बंधपत्राद्वारे, म्हणजे पैसे भरण्याची लेखी हमी घेऊन, घेता येतो. बंधपत्र न दिल्यास प्राण्यांवरील त्याचा हक्क जातो. वीस कुत्र्यांचा रोजचा खर्च महिन्याला किती होतो, हे केंद्रचालक आपल्याहून चांगले जाणतो. पन्नास रुपयांच्या दंडावर हसणारा माणूस बंधपत्राचा आकडा ऐकून वकील बदलतो, हे मी दोनदा पाहिले आहे. मात्र त्यासाठी कुत्री स्वीकारण्यास तयार असलेली, रोजचा हिशेब ठेवणारी आणि न्यायालयात पावत्या दाखवू शकेल अशी संस्था आधीपासून करारबद्ध हवी. म्हणजे पुन्हा आपण जागेच्याच मुद्द्याशी येतो.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नवा अधिकारी तेथे पिंजरे मोजतो आणि कुत्र्यांकडे पाहायचे विसरतो.

आत गेल्यावर प्रथम उभ्यानेच श्वास घ्यावा आणि मग गुडघ्यावर बसून पुन्हा घ्यावा. कुत्र्याचे नाक जमिनीपासून फूट-दीड फुटावर असते. उभ्या माणसाला फिनेलचा वास येतो आणि बसलेल्याच्या डोळ्यांत मुताचा अमोनिया झोंबतो. आपण येणार म्हणून सकाळी फरशी धुतलेली असते, परंतु पिंजऱ्याच्या कोपऱ्यातील सांधा धुतलेला नसतो. त्यानंतर पंजे उलटे करून पाहावेत. जाळीवर उभ्या राहिलेल्या कुत्र्याच्या बोटांमधली कातडी लाल होऊन सुजते, गाद्या पसरट होतात आणि नखे न झिजल्याने वळलेली असतात. ज्या कुत्र्याला ‘रोज अंगणात सोडतो’ असे सांगितले जाते, त्याची नखे वळलेली असतील तर ते अंगण केवळ सांगण्यापुरतेच आहे.

माद्यांची तपासणी सर्वांत महत्त्वाची. नियमांनुसार मादी किमान अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिचे प्रजनन करता येत नाही, वर्षातून एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ द्यायची नाहीत. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे नियम पाळायचा तर केंद्रचालकाला साधारणतः एक माज रिकामा सोडावा लागतो, आणि धंद्याच्या हिशेबात रिकामा माज म्हणजे तोटा. त्यामुळे नोंदवहीत वेत एकच दिसते आणि पिल्ले मात्र वर्षभर विकली जातात. ही लबाडी कागदावर पकडण्यापेक्षा मादीच्या अंगावर पकडणे सोपे आहे. लोंबलेले सड, पातळ झालेली पोटाची कातडी, सिझेरियनच्या एकावर एक खुणा आणि चार वर्षांच्या मानाने फार झिजलेले दात, एवढे पाहिल्यावर त्या मादीची नोंदवही मागवावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पंचनाम्यात लिहावे. ‘मादी अशक्त दिसली’ असे वाक्य न्यायालयात टिकत नाही. ‘पोटाच्या मध्यरेषेवर टाक्यांच्या दोन समांतर खुणा आढळल्या, नोंदवहीत एकही शस्त्रक्रिया नमूद नाही’ हे टिकते.

पिल्लांच्या वयाबाबत तर दातांइतका प्रामाणिक साक्षीदार नाही. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही. ग्राहकाला मात्र ते लहान आणि गोंडस हवे असते, म्हणून पाच आठवड्यांचे पिल्लू ‘दोन महिन्यांचे’ म्हणून जाते. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे सर्व म्हणजे २८ दात साधारणतः आलेले असतात. जबडा हळूच उघडून मागच्या दाढा पाहाव्यात. तेथे हिरडी नुसतीच फुगलेली असेल, तर जन्मतारीख कोणीही लिहिलेली असो, पिल्लाने आपले वय सांगितलेले असते. लसीकरणाच्या पुस्तिका घेऊन एका रांगेत मांडाव्यात. वेगवेगळ्या महिन्यांत दिलेल्या लसींवर एकाच बॅचचे स्टिकर, एकच पेन आणि एकाच बैठकीत केलेल्या सह्या दिसल्या, तर त्या पशुवैद्यकालाही पत्र पाठवावे. आपल्याच व्यवसायबंधूला असे पत्र लिहिणे जड जाते. तरीही लिहावे.

विक्रीपूर्वी पिल्लाला मायक्रोचिप लावणे बंधनकारक आहे. चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो आणि तो वाचण्यासाठी रीडर लागतो. आपल्या विभागाकडे रीडर आहे का, हे आजच पाहावे. माझ्या विभागात तो कपाटात होता, मात्र त्याची बॅटरी केव्हाच संपलेली होती. रीडर मानेवरून, दोन्ही खांद्यांच्या मधून आणि मग बाजूंनीही फिरवावा, कारण चिप कधी कधी कातडीखाली सरकते. क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. तो क्रमांक केंद्राच्या नोंदवहीत त्याच पिल्लासमोर आहे की नाही, हे जुळवून पाहावे.

पोलीस आपल्यासोबत असतील आणि झडती-जप्ती होणार असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, ही गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची आहे आणि अनेक जुन्या सहकाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली नाही. पंच शेजारच्या चहाच्या टपरीवरून आणू नयेत, कारण साक्षीच्या दिवशी ते सापडत नाहीत. दुसऱ्या शासकीय कार्यालयातील दोन कर्मचारी पंच म्हणून मिळावेत, असे पत्र आदल्या दिवशीच द्यावे. प्रत्येक कुत्र्याला क्रमांक, त्या क्रमांकाची पाटी धरून दोन छायाचित्रे, वजन आणि शरीरस्थिती हे जागेवरच नोंदवावे. ताब्यात घेतलेल्या दिवशी वजन लिहिले नसेल, तर महिनाभराने ते किती वाढले हे सांगून उपयोग नसतो.

भटक्या कुत्र्यांबाबत आपण विशेष विचारलेले नाही, परंतु आयुक्तांना हवा असलेला ‘दिसणारा’ निकाल तेथेच अपेक्षित असणार, म्हणून लिहितो.

या कामाचे खरे वेळापत्रक आर्थिक वर्षाचे नसून पंचांगाचे आहे. कुत्र्यांचा भाद्रपद आपल्याकडे म्हणीपुरता उरला असला, तरी त्यात निरीक्षण पक्के आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा समागमाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस येतो, ६३ दिवसांनी कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले होतात आणि पिल्लांची आई अंगावर धावून येते, म्हणून हिवाळ्यात तक्रारी वाढतात. शस्त्रक्रिया व्हायला हव्यात त्या चैत्रापासून श्रावणापर्यंत. आपल्याकडे एप्रिलमध्ये अंदाजपत्रक खुले होते, जूनमध्ये निविदा निघते, कोणीतरी हरकत घेतो, स्थायी समितीचा विषय एकदा तहकूब होतो आणि कार्यादेश दिवाळीच्या फराळासोबत हातात पडतो. तोपर्यंत निम्म्या माद्या गाभण असतात. माझ्या नऊ वर्षांत मी एकच लढाई जिंकलो असे म्हणता येईल, ती म्हणजे निविदा तीन वर्षांची करून घेतली, जेणेकरून काम उन्हाळ्यात थांबू नये.

दुसरी गोष्ट पैशांची. निर्बीजीकरण करणाऱ्या संस्थेला दर कुत्र्यामागे पैसे दिले की संस्था कुत्री मोजते, वस्ती मोजत नाही. जे कुत्रे सहज हाताशी येते ते पकडले जाते, आणि चतुर मादी जाळे पाहून पळते ती पाच वर्षे विते. हा प्रकार फार जुना आहे. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्यासाठी कुत्र्यामागे आठ आणे ठरवले, तेव्हा पकडणारे घरांच्या ओट्यांवरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने प्रथम विरोध केला, जूनच्या ७ तारखेला बाजार बंद पडला आणि शहरात दंगल झाली. आठ आण्यांनी जे केले तेच आज दर शस्त्रक्रियेमागचे देयक करते, फक्त ते सौम्य रूपात असते. म्हणून करारात देयकाचा काही भाग प्रभागनिहाय लक्ष्याशी जोडावा: अमुक प्रभागातील सत्तर टक्के कुत्र्यांच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण म्हणून दिलेली खाच दिसली, म्हणजे तो हप्ता मिळेल. पाहणी संस्थेने न करता आपल्या माणसांनी करावी, पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान, लागोपाठ दोन दिवस, त्याच गल्ल्यांतून.

अवयवांची मोजणीही टाळू नये. काढलेले अंडाशय, गर्भाशय आणि वृषणे फॉर्मलिनच्या बरण्यांत ठेवून त्यांची मोजणी झाल्याशिवाय देयक मंजूर करायचे नसते. ते किळसवाणे काम आहे आणि म्हणूनच सगळे ते सहायकावर ढकलतात. स्वतः हातमोजे घालून बसावे. एकदा माझ्यासमोर ठेवलेल्या बरणीत चाळीस माद्यांच्या नावावर चौऱ्याहत्तर अंडाशय निघाले. सहा कमी होते. संस्थेचे म्हणणे होते की मोजताना चूक झाली असावी. आम्ही तिसऱ्यांदा मोजले, चौऱ्याहत्तरच भरले, आणि तीन माद्यांचे देयक कापले. रक्कम किरकोळ होती. पुढच्या महिन्यापासून बरण्यांवर तारखा नीट येऊ लागल्या.

१० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मान्यतेशिवाय असा प्रकल्प चालवता येत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्रे पकडले त्याच जागी सोडावे लागते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले आहेत. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रेबीजची बाधा किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडायची, असे ठरले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री पकडल्यावर तेथेच परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले आहे. विधी विभागाकडून ताजी स्थिती लेखी घ्यावी, कारण आपण कोणत्या आदेशाखाली वागलात हे उद्या विचारले जाईल. मात्र निवारा किती कुत्र्यांचा आहे, हा आकडा त्याच टिपणीत आयुक्तांसमोर ठेवावा. साठ कुत्र्यांची जागा आणि सहाशे कुत्री ताब्यात घेण्याचा आदेश, यांतील अंतर कागदावर नसेल तर ते आपल्या नावावर जमा होते.

नोंदी मोबाइलवर ठेवण्याची सोय करता आली तर उत्तम. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून राज्य सरकारच्या साथीने चाललेल्या रेबीज मोहिमेत पथके गल्लीगल्लीत जाऊन लस देत, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करत आणि तेथल्या तेथे अॅपवर नोंद करत, त्यामुळे कोणता वाडा राहिला हे संध्याकाळी नकाशावर दिसे. २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केले. आपल्याकडे नकाशा नसेल, तर प्रभागाचा जुना मतदार-यादी नकाशा आणि तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात. मी त्यावरच निवृत्त झालो.

पाळीव कुत्र्यांच्या परवान्याबद्दल फार लिहीत नाही. दंडाची जाहिरात देऊन परवाने वाढत नाहीत. रेबीज लसीकरणाचे शिबिर रविवारी गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात ठेवले आणि लसीच्या टेबलाशेजारीच परवान्याचे टेबल मांडले की लोक दोन्ही करून जातात. सोसायट्यांच्या भांडणात मात्र न्यायाधीश होऊ नये. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रकाने सांगितले आहे. त्याचबरोबर कुत्रा सांभाळण्यात निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण करणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहून दोन्ही पक्षांना एकच पत्र द्यावे, म्हणजे कोणालाही ‘साहेब त्यांच्या बाजूचे’ असे म्हणता येत नाही. ‘धोकादायक जातींवर बंदी आहे ना?’ असे नगरसेवक विचारतील. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी तेवीस जातींबाबत तसे परिपत्रक काढले होते, परंतु संबंधितांचे म्हणणे न ऐकल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द ठरवले. त्या परिपत्रकाच्या आधारे कोणाच्या दारातून कुत्रे उचलू नये.

आपल्या सहा माणसांकडे आता या. त्यांना चावण्यापूर्वी घ्यावयाची रेबीजची प्रतिबंधक लस मिळाली आहे का? ते कंत्राटी असतील आणि ‘ठेकेदार पाहील’ असे उत्तर मिळाले, तर पुढचे वाक्य ऐकू नये. लस टोचून घेतल्याची नोंद दाखवल्याशिवाय कोणालाही गाडीवर चढू देऊ नये. आणि गाडीत साबण व पाण्याचा कॅन ठेवावा. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते, आणि ती रुग्णालयात पोहोचल्यावर नव्हे, रस्त्याच्या कडेलाच.

आता आपल्या टेबलावरील त्या तक्रारीकडे. तिच्यावर घटनेची तारीख आहे का, हे प्रथम पाहा आणि त्या तारखेपासून तीन महिने कधी पुरे होतात ते फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहा. राज्य मंडळाला केंद्राच्या नोंदणीबद्दल आणि आपल्या प्राधिकाराबद्दल आजच ईमेल व टपाल अशा दोन्ही मार्गांनी पत्र पाठवा. जिल्ह्यातील पांजरपोळ आणि मान्यताप्राप्त संस्था यांना प्रत्यक्ष भेट देऊन किती कुत्री घेता येतील, वेगळे ठेवण्याची खोली आहे का आणि रोजचा दर काय, हे लेखी घ्या. तेथील पिल्लांच्या खोलीची फरशी शेवटची कधी पार्व्होसाठी निर्जंतुक केली, हेही विचारा, आणि उत्तर देणाऱ्याने थोडा विचार केला तर समजा की केलेली नाही. आयुक्तांना या महिन्यात दाखवण्यासाठी निर्बीजीकरणाच्या तीन वर्षांच्या निविदेचा मसुदा आणि एका प्रभागाची पहाटेची पाहणी पुरेशी आहे. तपासणीचा दिवस ठरला की मला कळवावे. माझ्याकडे पंचनाम्याचा कच्चा नमुना आहे, तो पाठवतो. त्यात वजनाचा रकाना पहिला आहे.